अस्मानी आणि सुलतानी

मराठीत एक जोडशब्द आहे, आणि तो मला फार हुशार शब्द वाटतो. अस्मानी-सुलतानी. जुन्या मराठेशाहीच्या महसुली कागदांत तो सारखा भेटतो. गावाचा किंवा महालाचा सारा ठरवताना कलम घातलेलं असायचं, की अस्मानी किंवा सुलतानी झाली तर तेवढी वजावट मिळेल. आभाळातून आलं ते अस्मानी : पाऊस न पडणं, जास्त पडणं, गारा, टोळ. राज्यकर्त्याकडून आलं ते सुलतानी : फौज पिकातून गेली, लूट झाली, जुलूम झाला. दोन संकटं, दोन रकाने.

पण या हुशार शब्दाला एक भोक आहे. घाव आभाळाने घातला आणि सरकारच्या आळसाने, लोभाने किंवा मूर्खपणाने तो चिघळला, तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं? त्याला आपल्याकडे शब्दच नाही. आणि कोल्हापूरकरांना तर दर जुलै-ऑगस्टमध्ये नेमका हाच शब्द हवा असतो.

बाहेरच्यांसाठी सांगतो. इथे पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. "किती झालं?" असं कुणी विचारलं, तर काय किती झालं हे सांगावं लागत नाही. १९८९ आणि २००५ साली पाणी ५० फुटांच्या आसपास गेलं तेव्हा याहून मोठा पूर आता येणार नाही असं लोक म्हणत होते. मग २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वर्षी ते ५५ फुटांच्या पुढे गेलं. प्रत्येक वेळी पाणी ओसरायच्या आत वाद सुरू होतो, की हे अस्मानी की सुलतानी? त्या वादात मला हटकून प्राचीन चीनची आठवण येते, कारण तिथे हे दोन रकाने नव्हतेच. एकच होता.

चिनी राज्यकल्पनेत राजाला राज्य करण्याचा अधिकार आकाशाकडून मिळालेला असतो. तो कायमचा नसतो. राजा बिघडला की आकाश तो काढून घेतं, आणि काढून घेण्याआधी इशारे देतं. पूर, दुष्काळ, भूकंप, ग्रहण. त्यामुळे तिथे आपत्ती ही हवामानाची बातमी नसून राजाच्या नावाने आलेलं पत्र असे. शांग घराण्याचा संस्थापक थांग याच्याबद्दल परंपरा सांगते, की वर्षानुवर्षं अवर्षण पडलं तेव्हा तो तुतीच्या बनात जाऊन उभा राहिला आणि स्वतःलाच बळी म्हणून पुढे केलं. माझ्या कारभारात गोंधळ आहे का, मी लोकांना फार राबवतो आहे का, लाच बोकाळली आहे का, असे प्रश्न त्याने आकाशाला विचारले. ही झाली दंतकथा. पण इ. स. पू. १७८ मध्ये हान सम्राट वन याने सूर्यग्रहणानंतर काढलेलं फर्मान हा इतिहास आहे. दोष माझा आहे, माझं चुकतं कुठे ते मला तोंडावर सांगणारी सरळ माणसं शोधून पाठवा, आणि दरम्यान प्रजेवरचा वेठीचा बोजा कमी करा, असा त्याचा आशय. ग्रहणाचा आणि वेठीचा काडीचा संबंध नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण वेठ कमी झाली हेही खरं.

मला सुरुवातीला याचं फार कौतुक वाटे. मग पुढचं वाचलं आणि ते जरा उतरलं. कारण अशी व्यवस्था एकदा रुळली की दरबारातले लोक तिला कामाला लावतात. राजाने स्वतःला दोष द्यायचा ही झाली रीत, पण राजा तर जागेवरच राहणार. मग आकाशाचा राग कुणावर तरी काढायला हवा. इ. स. पू. ७ मध्ये मंगळ अशुभ स्थानी आला म्हणून चाय फांगचिन नावाच्या प्रधानावर ठपका आला आणि त्याला आत्महत्या करावी लागली. पुढे इ. स. १०७ पासून तर पूर-दुष्काळ-भूकंप झाला की तीन सर्वोच्च मंत्र्यांपैकी एखाद्याला घरी पाठवायचं अशी पद्धतच पडली. तेव्हा खरी सत्ता होती राजमातांच्या माहेरच्यांकडे आणि अंतःपुरातल्या खोजांकडे. ते हलत नसत, मंत्री बदलत. शेवटी २२१ साली वेई राज्याचा सम्राट त्साओ फी याने फर्मान काढलं, की यापुढे आकाशातल्या घटनांवरून मंत्र्यांना जबाबदार धरू नका.

आणि ज्या तुंग चुंगशू या पंडिताने हे सगळं शास्त्र व्यवस्थित मांडलं त्याची गोष्ट तर आणखी मजेची. इ. स. पू. १३५ मध्ये राजघराण्याच्या स्मारकमंदिरांना आगी लागल्या. तुंगने त्यांचा अर्थ लावणारा मसुदा लिहिला. तो चोरून सम्राटापर्यंत पोचवला गेला, आणि पंडितजींना देहदंड ठरला! नंतर माफी मिळाली खरी, पण त्यानंतर संकटांचे अर्थ लावायचं धाडस त्याने पुन्हा केलं नाही. आकाश राजाला इशारा देतं हे मान्य. तो इशारा वाचून दाखवणारा माणूस मात्र नको. हे वाचताना चीन मला एकदम ओळखीचा वाटू लागला.

या सगळ्या आकाशवादात दोन माणसं मात्र जमिनीवर उभी दिसतात. पहिला मेन्सियस, चिनी उच्चारात मंगत्झ. इ. स. पू. चौथ्या शतकातला. लिआंगचा राजा हुई त्याला तक्रारीच्या सुरात सांगतो, की मी प्रजेसाठी जिवाचं रान करतो. नदीच्या एका बाजूला दुष्काळ पडला की तिथली माणसं दुसऱ्या बाजूला हलवतो, तिकडचं धान्य इकडे आणतो, तरी माझी प्रजा वाढत कशी नाही? (स्थलांतर आणि शिधावाटप. आजचा कुठलाही पालकमंत्री यापेक्षा वेगळं काय सांगतो?) मेन्सियस त्याला जे सुनावतो त्याचा मतलब असा : सुगीत श्रीमंतांची कुत्री-डुकरं माणसांचं अन्न खातात तेव्हा तू आवर घालत नाहीस, रस्त्यावर माणसं मरतात तेव्हा कोठारं उघडत नाहीस, आणि वर म्हणतोस की दोष माझा नाही, वर्षच वाईट होतं. एखाद्याला भोसकून मारायचं आणि दोष माझा नाही, हत्याराचा आहे असं म्हणायचं, यात आणि तुझ्या म्हणण्यात फरक काय?

दुसरा श्युन्त्झ, त्याच्यानंतरच्या शतकातला. तो तर आकाशाचा रागबिग मानतच नाही. आकाश आपल्या चालीने चालतं, चांगल्या राजासाठी थांबत नाही आणि वाईटासाठी बदलत नाही. तारा तुटला म्हणून घाबरू नका. घाबरायचंच तर माणसांनी केलेल्या अपशकुनांना घाबरा : नीट नांगरट न झालेलं शेत, महागलेलं धान्य, वाटेवर पडलेली प्रेतं. म्हणजे अस्मानी रकाना त्याने जवळपास पुसूनच टाकला आणि तरी राजाला सोडलं नाही. या विचारातूनच असं मी म्हणणार नाही, पण पुढे इ. स. पू. ५४ मध्ये हान दरबाराने सरकारी कोठारांची पद्धत सुरू केली. भाव पडले की सरकारने धान्य घ्यायचं, चढले की विकायचं. पश्चात्तापाच्या फर्मानांपेक्षा या कोठारांनी जास्त माणसं जगवली असतील.

आपल्याकडेही राजाच्या चुकीने पाऊस अडतो ही समजूत होतीच. अंगदेशाच्या रोमपादाच्या अपराधामुळे अवर्षण पडलं आणि ऋष्यशृंगाला आणावं लागलं ही रामायणातली कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. महाभारतात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की काळ राजाला घडवत नाही, राजा काळाला घडवतो. पण मराठी मनावर खरा ठसा आहे तो दामाजीपंतांचा. बहामनी अमलातला मंगळवेढ्याचा अधिकारी, दुष्काळात माणसं मरताना पाहून सरकारी कोठार हुकमाशिवाय उघडतो. बेदरच्या बादशहाचं बोलावणं येतं. पंत निघतात, आणि ते पोचायच्या आत विठ्ठल महाराच्या वेषात, विठू महार होऊन, सगळी रक्कम दरबारात भरतो आणि पावती घेतो.

गंमत म्हणजे हीच गोष्ट चीनमध्ये घडलेली आहे, विठ्ठलाशिवाय. हान सम्राट वू याने ची आन नावाच्या अधिकाऱ्याला एका आगीची चौकशी करायला पाठवलं. हा परत येऊन म्हणाला, आग किरकोळ होती, घराला घर लागून पेटली, काळजीचं कारण नाही; पण वाटेत पूर-दुष्काळाने गांजलेली हजारो कुटुंबं पाहिली, तेव्हा तुमची राजमुद्रा दाखवून मी कोठार उघडलं; हुकूम नसताना हुकूम असल्याचं भासवलं, त्याची शिक्षा मला द्या. सम्राटाने त्याला माफ केलं.

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. तिथे राजा चूक पोटात घालतो, कारण भुकेल्यांना खाऊ घालणं हे मुळात त्याचंच काम होतं हे त्याला नाकारता येत नाही. इथे बादशहा काहीच करत नाही. त्याचे पैसे पुरते वसूल होतात, हिशेब जुळतो, पावतीसुद्धा निघते! कोठार बादशहानेच आधी का उघडलं नाही हा प्रश्न आपल्या कथेत कुणी विचारत नाही. आपण अधिकाऱ्याचं औदार्य आणि देवाची करुणा यांवर इतके खूश झालो की राज्यकर्त्याला सहज सोडून दिलं. दामाजीपंतांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ही खोड आपल्याला तिथूनच लागली असावी असा संशय येतो. आजही पुरात आपल्याला कहाण्या आवडतात त्या खांद्यावरून म्हातारीला नेणाऱ्या जवानाच्या.

आता कोल्हापूर. १८९६ साली पाऊस दगा देऊन गेला तेव्हा शाहू महाराज अवघे २२ वर्षांचे होते, आणि राज्यकारभार हातात येऊन दोनच वर्षं झाली होती. त्या काळात ब्रिटिश हद्दीत काय चालू होतं तेही लक्षात घ्यायला हवं. वीस वर्षांपूर्वी दख्खन आणि मद्रासेत माणसं मरत असताना लिटनने १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवला होता. त्या दुष्काळानंतर आयोग बसला, दुष्काळ-संहिता तयार झाल्या. म्हणजे सरकारने काय करायचं ते कागदावर आलं होतं. १८९६ मध्ये टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांमार्फत शेतकऱ्यांना एवढंच सांगायला सुरुवात केली, की हे सरकारचेच नियम आहेत, पीक बुडालं असेल तर साऱ्याची सूट हा तुमचा हक्क आहे. परिणाम? १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. तुंग चुंगशूचीच तऱ्हा. नियम आहे, पण वाचून दाखवू नका.

कोल्हापुरात तरुण राजाने काय केलं? दुष्काळी भागात दौरे काढले. व्यापाऱ्यांना बोलावून भाव वाढवू नका असं बजावलं, बाहेरून धान्य आणवलं, स्वस्त धान्याची दुकानं उघडली. तगाई दिली. रस्ते, विहिरी, तळी यांची कामं काढून लोकांना मजुरी दिली. गुरांना चरायला राखीव जंगलं मोकळी केली. म्हाताऱ्या-अपंगांसाठी आश्रम काढले. आणि मला यांतली सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे कामावर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी शिशुगृहं. खडी फोडणाऱ्या बाईचं पोर उन्हात पडलेलं असतं हे दरबारात बसून सुचत नाही, कामावर जाऊन उभं राहिल्याशिवाय ते दिसत नाही.

लागोपाठ प्लेग आला, मग १८९९-१९०० चा आणखी भयंकर दुष्काळ. महाराजांनी 'दोष माझा' असं फर्मान काढलेलं नाही. त्यांच्या वागण्यात मात्र एक बदल दिसतो, जो मला मेन्सियसच्या फटकाऱ्यानंतर राजा हुईने करायला हवा होता असं वाटतं. दुष्काळ पडल्यावर काय करायचं, या प्रश्नाकडून ते दुष्काळ पडायच्या आत काय करायचं, या प्रश्नाकडे वळले. १९०२ मध्ये विलायतेहून परतल्यावर पाटबंधाऱ्यांचं धोरण आलं, विहिरी-तळ्यांची पाहणी सुरू झाली. १९०७ मध्ये भोगावतीवर फेजिवड्याजवळ धरण बांधायची योजना आली. पुढच्या वर्षी तिथे वसवलेल्या गावाला मुलीच्या नावावरून राधानगरी नाव दिलं. संस्थानच्या तिजोरीच्या मानाने हे काम म्हणजे वेडं धाडस होतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पैशाअभावी ते थांबलं. ६ मे १९२२ ला महाराज गेले. धरण पुरं झालं १९५७ साली. ज्याने ते मनात आणलं त्याने ते भरलेलं कधीच पाहिलं नाही, आणि त्याच्या हयातीत तरी या खर्चाबद्दल त्याला टाळ्या मिळणार नव्हत्या. निवडणूक लढवणाऱ्याला पन्नास वर्षांचं काम परवडत नाही हे मला कळतं. पण राजालाही ते परवडतंच असं नाही, बहुतेक राजांनी तर राजवाडे बांधले.

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांच्या अभिमानाचा विषय आहेत. धरण काठोकाठ भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. कळ दाबायला माणूस नको, मुंबईहून आदेश नको. पण हे धरण टंचाईच्या भीतीतून जन्मलेलं. पूर येणार म्हणून आधीच थोडं रिकामं करून ठेवावं असं त्या दरवाजांना सांगता येत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये धरण भरलेलं, आभाळ फाटलेलं, आणि दरवाजे आपल्या नियमाप्रमाणे उघडणारे! पूर्वजांनी एका संकटावर काढलेला तोडगा दुसऱ्या संकटात अपुरा पडला, यात त्यांचा दोष नाही. दुसरं संकट १९८९ पासून दार ठोठावत असताना आपण काय केलं, हा हिशेब आपल्या पिढीचा.

तो हिशेब मांडायची वेळ आली की आपल्याकडे एकच शब्द निघतो : अलमट्टी. कर्नाटकातल्या त्या धरणाच्या फुगवट्याने पाणी तुंबतं, म्हणून आपण बुडतो. २०१९ नंतर राज्य सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला, की त्या पुराला अलमट्टी कारण नव्हतं. अतोनात पाऊस आणि पूररेषेतली अतिक्रमणं याकडे तिने बोट दाखवलं. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत नेण्याला विरोध करायची कारणं असतील, शिरोळच्या शेतकऱ्याची भीती मला खोटी वाटत नाही. पण दोष दुसऱ्या राज्यात असला की इथल्या कुणालाच काही करावं लागत नाही, ही सोय त्सुनामीसारखी सगळ्या पक्षांना एकदम कवेत घेते. सुलतानी खरी, पण शेजारच्या सुलतानाची!

इथली सुलतानी बघायला लांब जावं लागत नाही. नदीच्या निळ्या रेषेत भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींना कुणीतरी सही करून परवानगी दिलेली असते, किंवा परवानगी नसताना बघूनही न बघितल्यासारखं केलेलं असतं. त्या सहीला तारीख असते, हुद्दा असतो. चीनमधल्या त्या तीन मंत्र्यांना ग्रहणाबद्दल घरी पाठवणं हा अन्याय होता, कारण ग्रहणावर त्यांची सही नव्हती.

१९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या. आजही पाणी चढलं की तीच गावं ट्रॅक्टरमधून गुरं-भांडी घेऊन सोनतळीकडे निघतात. शेती खाली, पुनर्वसन वर, आणि मध्ये तीस-पस्तीस वर्षं. शहरात सुतारवाड्यातली कुटुंबं अशीच सर्वांत आधी चित्रदुर्ग मठात हलतात. राजा हुईचं धोरण, दुसरं काय. माणसं तिकडे, धान्य इकडे.

धान्यावरून आठवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये शासन निर्णय निघाला होता, की घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असेल तर कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत. त्यावर लोक संतापले. संतापण्यासारखं होतंच. पण मला त्यात जुन्या महसुली कागदांचा वासही आला. बुडालेल्या माणसाने आधी पुरावा द्यायचा की अस्मानी खरोखर पुरेशी झाली आहे, मग वजावट. इकडे हा नियम, आणि तिकडे वाटपाच्या पिशव्यांवर नेत्यांच्या फोटोंचे स्टिकर. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटून माणसं गेली तो हाच आठवडा.

दोन वर्षांनी, ३० जुलै २०२१ ला, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस एकाच वेळी कोल्हापुरात पूरपाहणीला आले आणि रस्त्यावर समोरासमोर भेटले. भेट झाली ती शाहूपुरीत, १८९५ साली शाहू महाराजांनी वसवलेल्या पेठेत. पाणी नुकतंच ओसरलेलं, दुकानदार चिखल उपसत होते. कायमस्वरूपी उपाययोजना करायला हवी यावर दोघांचंही एकमत झालं.